हिशोब विचारण्याचा हक्क कोणाचा? विश्वस्त हटवण्याच्या कायद्याचा इतिहास आणि आपल्या संस्था

नाशिकमध्ये काम करताना आम्हाला एक प्रश्न सतत विचारला जातो. कधी विहाराच्या ओट्यावर, कधी जयंतीची वर्गणी गोळा करताना, कधी वसतिगृहातल्या मुलांकडून. "आमच्या संस्थेचा अध्यक्ष वीस वर्षांपासून हलत नाही. हॉलचं भाडं कुठं जातं कळत नाही. त्याला काढता येतं का?"

उत्तर एका वाक्याचे आहे. होय, काढता येते, आणि त्यासाठी महाराष्ट्रात कायदा आहे. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तिथेच बहुतेक प्रकरणे अडतात. काढा, असा अर्ज करण्याचा हक्क कोणाला आहे? कायद्याच्या भाषेत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' कोण?

या एका शब्दाचा इतिहास आपल्या चळवळीच्या इतिहासाला चिकटलेला आहे. आपल्या आजोबा-पणजोबांना हा हक्क नव्हता. मंदिराच्या विश्वस्ताने दानपेटी फोडून खाल्ली तरी त्याला जाब विचारणारे ते कोणीच नव्हते. तो हक्क मिळवायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. आणि आज आपल्याच संस्थांचे कारभारी तो हक्क आपल्याच पोरांना नाकारत आहेत. या लेखात आम्ही हेच मांडणार आहोत.

जो आत जाऊ शकतो, तोच विचारू शकतो

सुरुवात इंग्रजी राजवटीपासून करू. १८६३ मध्ये सरकारने धार्मिक देणग्यांचा कायदा केला. तो मुख्यत्वे बंगाल आणि मद्रास इलाख्यांसाठी होता. सरकारला देवळे-मशिदींच्या कारभारातून अंग काढून घ्यायचे होते, म्हणून कारभार विश्वस्त आणि समित्यांकडे दिला गेला. पण विश्वस्ताने विश्वासघात केला, कर्तव्यात कसूर केली तर काय? त्यासाठी कलम १४ होते: 'हितसंबंध असलेली कोणतीही व्यक्ती' दावा करू शकेल आणि न्यायालय त्या विश्वस्ताला काढू शकेल. आणि हितसंबंध म्हणजे काय, हे कलम १५ मध्ये सांगितले होते. पैशाचा थेट संबंध असण्याची गरज नाही. ज्याला पूजेला हजर राहण्याचा हक्क आहे, किंवा जो नेहमी हजर राहतो, किंवा ज्याला तिथल्या दानधर्माचा वाटा मिळतो, त्याचा हितसंबंध आहे असे मानावे.

वाचायला हे उदार वाटते. कोणीही साधा भाविक उठून विश्वस्ताला न्यायालयात खेचू शकतो. पण आपण आपल्या जागेवरून वाचू. हजर राहण्याचा हक्क कोणाला होता? ज्याला पायरीलाही शिवू दिले जात नव्हते, त्याचा हितसंबंध कुठून येणार? कायद्यात अस्पृश्य हा शब्द कुठेही नव्हता आणि तरीही कायद्याने अस्पृश्याला बाहेर ठेवले होते. कायदा फक्त रूढीकडे बोट दाखवत होता, आणि रूढी काय होती हे सांगायला नको.

आपल्या मुंबई इलाख्यात या विषयावरचा गाजलेला खटला डाकोरचा. डाकोर आज गुजरातच्या खेडा जिल्ह्यात आहे. तिथले रणछोडरायाचे मोठे मंदिर पेशवाईच्या काळात तांबेकर नावाच्या मराठी सावकाराने बांधले. त्याच तांबेकर आडनावाचे मनोहर गणेश यांनी मंदिराच्या सेवकांविरुद्ध दावा लावला. सेवकांचे म्हणणे असे की देवापुढे पडलेले दान ही आमची मालमत्ता, आम्ही कोणाला हिशोब का द्यावा? १८८७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे म्हणणे नाकारले. लोकांनी देवासाठी दिलेले धन जो हाताळतो तो मालक नसतो, तो विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताला हिशोब द्यावाच लागतो. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १८९९ मध्ये तिथेही सेवकांची मालकी टिकली नाही.

डाकोरचा निकाल आजही महत्त्वाचा आहे. 'मी संस्था वाढवली, मी घाम गाळला, म्हणून ती माझी' असे म्हणणाऱ्या प्रत्येक अध्यक्षाला त्यात उत्तर आहे. वर्गणी लोकांची असेल तर संस्था लोकांची. पण हा दावा कोण लावू शकले, तेही बघा. ज्यांचा मंदिरावर आधीपासून अधिकार होता, तेच.

१८८२ च्या दिवाणी संहितेच्या कलम ५३९ मध्ये दाव्यासाठी 'थेट हितसंबंध' लागत होता. १८८८ मध्ये त्यातला 'थेट' हा शब्द काढला गेला. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत तेच कलम ९२ झाले. विश्वस्ताला काढणे, नवा नेमणे, हिशोब मागणे, संस्थेसाठी योजना तयार करणे, या सगळ्याची दारे या कलमाने उघडली. दार मोठे झाले, पण उंबरठ्यावरची जात तिथेच राहिली.

दार उघडणे म्हणजे विश्वासघात

त्याच १९०८ सालचा प्रिव्ही कौन्सिलचा एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. मद्रास इलाख्यात रामनाड भागात कमुदी नावाचे गाव आहे. तिथल्या मंदिरात नाडर समाजाने, ज्यांना तेव्हा शानार म्हणत, प्रवेश केला. मंदिराचे विश्वस्तपद रामनाडच्या राजाकडे होते. प्रकरण न्यायालयात गेले. मधल्या काळात राजाच्या बाजूने नाडरांशी तडजोड झाली, की त्यांना प्रवेश द्यावा. पण न्यायालयाने ही तडजोड उचलून धरली नाही. रूढीने ज्यांना बंदी आहे त्यांना आत घेण्याचा अधिकार विश्वस्ताला नाही, तसे करणे हाच विश्वासभंग, अशी भूमिका घेतली गेली. प्रिव्ही कौन्सिलमध्येही नाडर हरले.

यातला उलटा न्याय लक्षात घ्या. 'विश्वासभंग' हा शब्द कायद्यात कशासाठी होता? लोकांचे धन खाणाऱ्याला आवरण्यासाठी. तोच शब्द लोकांसाठी दार उघडणाऱ्याला आवरण्यासाठी वापरला गेला. याचा अर्थ विश्वस्त कायदा कोणाचे रक्षण करतो, हे त्या कायद्यात 'लोक' कोणाला म्हटले आहे यावर ठरते.

आता आमच्या नाशिकला येऊ. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुषांची शिस्तबद्ध मिरवणूक निघाली आणि मंदिराची दारे बंद करून घेण्यात आली. ९ एप्रिलला रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे आणि त्यांच्याबरोबरच्या शेकडो कार्यकर्त्यांनी ही लढाई पाच वर्षे चालवली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली.

काळारामच्या लढ्याकडे आपण मंदिरप्रवेशाचा लढा म्हणून बघतो. बाबासाहेबांना देवदर्शनात रस नव्हता हेही आपण सांगतो, आणि ते बरोबर आहे. पण वर सांगितलेला कायदा लक्षात ठेवून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. ज्या मंदिराला सार्वजनिक म्हणायचे, त्या मंदिराच्या 'जनते'त आम्ही आहोत की नाही, हा तिथला प्रश्न होता. महाडलाही तेच घडले. चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, आणि १२ डिसेंबर १९२७ रोजी सनातनी मंडळींनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. तळे सार्वजनिक नाही, असे त्यांचे म्हणणे होते. ८ जून १९३१ ला महाडच्या न्यायालयाचा निकाल आला, ३० जानेवारी १९३३ ला ठाण्याच्या न्यायालयाचा, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाचा. तिन्ही ठिकाणी बाबासाहेब जिंकले. जवळजवळ दहा वर्षे लागली. न्यायालयाची वाट लांब असते हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे, आणि तरीही बाबासाहेबांनी ती सोडली नाही, हेही माहीत आहे.

१९३८, १९४७, १९५०

१९३८ मध्ये मुंबई प्रांताने एक कायदा केला. विश्वस्तांची इच्छा असेल तर त्यांना मंदिर अस्पृश्यांना खुले करता येईल, असे त्यात होते. म्हणजे कमुदीच्या निकालाची भीती गेली, पण चावी विश्वस्ताच्याच खिशात राहिली. १९४७ च्या मुंबई हरिजन मंदिर प्रवेश कायद्याने ती चावी काढून घेतली. प्रवेश हा आता हक्क झाला. मग राज्यघटनेचे कलम १७ आले.

आणि त्याच १९५० साली मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला. २०१२ पासून त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा म्हणतात. याच कायद्याने धर्मादाय आयुक्ताचे पद निर्माण केले. प्रत्येक सार्वजनिक न्यासाची नोंदणी, दरवर्षी हिशोब तपासणी, विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत बदल अर्ज, मालमत्ता विकण्याआधी परवानगी, हे सगळे त्यात आले. मंदिरे, मठ, दवाखाने, शिक्षणसंस्था सगळे एका छताखाली आले.

या कायद्याला लगेच आव्हान दिले गेले. रतिलाल गांधी या जैन मंदिराच्या व्यवस्थापकाचा आणि मुंबईच्या पारशी पंचायतीच्या विश्वस्तांचा आक्षेप असा की हा आमच्या धर्मस्वातंत्र्यावर घाला आहे. मार्च १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही कलमांचा भाग रद्द केला, पण कायद्याचा गाभा राखला. धर्म काय पाळायचा ते तुम्ही ठरवा, पण लोकांच्या पैशाचा हिशोब हा धर्म नव्हे, त्यावर राज्य देखरेख ठेवू शकते, असा त्याचा अर्थ. आज आपल्याकडे कोणी 'विहाराच्या पैशाबद्दल विचारणे म्हणजे धम्माचा अपमान' असे म्हणाला, तर त्याला १९५४ चे हे उत्तर द्या.

या कायद्याच्या व्याख्येत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' पुन्हा भेटते. मंदिराच्या बाबतीत शब्द जवळपास १८६३ चेच आहेत: पूजेला हजर राहण्याचा हक्क असलेला, किंवा हजर राहण्याची सवय असलेला. पण आता तो हक्क सगळ्यांना होता. ज्या काळारामाच्या दारात आपल्या माणसांनी मार खाल्ला, तिथल्या हिशोबाविषयीही कायद्याने आता आपण विचारू शकत होतो. हा विजय कोणी साजरा केला नाही, पण तो आपल्या लढ्याचाच आहे.

मूळ कायद्यात विश्वस्ताला काढण्याचा मुख्य मार्ग कलम ५० चा दावा हा होता. धर्मादाय आयुक्तांनी स्वतः किंवा त्यांच्या लेखी संमतीने हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींनी न्यायालयात दावा लावायचा. १९७१ च्या दुरुस्तीने कलम ४१-ड आणले आणि धर्मादाय आयुक्तांना स्वतःच विश्वस्ताला निलंबित करण्याचा, काढण्याचा, बडतर्फ करण्याचा अधिकार मिळाला. कारणे कायद्यात मोजून दिली आहेत. हिशोब आणि अहवाल देण्यात वारंवार कसूर. आयुक्तांच्या कायदेशीर आदेशांचा जाणूनबुजून अवमान. कर्तव्याकडे सतत दुर्लक्ष, गैरकृत्य किंवा विश्वासभंग. न्यासाच्या मालमत्तेचा अपहार किंवा गैरव्यवहार. विश्वस्तपदाशी विसंगत असे दुसरे पद घेणे. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा होणे.

आयुक्तांनी आरोप निश्चित करायचे, विश्वस्ताला बाजू मांडण्याची संधी द्यायची, पुरावा घ्यायचा आणि मग आदेश द्यायचा. चौकशी चालू असताना निलंबन करता येते. आदेशाविरुद्ध विश्वस्त न्यायालयात जाऊ शकतो, तिथून उच्च न्यायालयात. म्हणजे शेवटी प्रकरण न्यायालयातच ठरते, पण सुरुवात जिल्ह्याच्या ठिकाणच्या धर्मादाय कार्यालयात होते.

आपल्या घरात काय झाले

आता आपल्या संस्थांकडे येऊ. बाबासाहेबांनी संस्था उभारल्या त्या कोणा एकाच्या घरासाठी नाही. १९४४ मध्ये पीपल्स इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, ८ जुलै १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले, १९५५ मध्ये भारतीय बौद्ध महासभा. नोंदणीकृत संस्था, लिहिलेली घटना, ठराव, कार्यकारिणी. स्वतः कायदेपंडित असलेल्या माणसाने हे का केले असेल? कारण माणूस जातो, संस्था राहते, आणि संस्थेला माणसापासून वाचवण्याची सोय कायद्यात असते.

बाबासाहेबांच्या नंतर काय झाले हे आपण सगळे जाणतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या नेतृत्वावर एकापेक्षा जास्त गटांचे दावे वर्षानुवर्षे धर्मादाय कार्यालयात आणि न्यायालयांत फिरत राहिले. ज्या महाविद्यालयांतून आपली पहिली पदवीधर पिढी निघाली, त्यांचा कारभार कोणाच्या सहीने चालतो हाच वाद झाला. २५ जून २०१६ च्या पहाटेच्या अंधारात दादरचे आंबेडकर भवन पाडले गेले. तिथेच बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना होता. ट्रस्टच्या बाजूने सांगितले गेले की इमारत धोकादायक होती आणि नवी बांधायची होती. विरोधकांनी विचारले की हे विश्वस्त मुळात कायदेशीर आहेत का. १९ जुलैला मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. आम्हीही नाशिकहून गेलो होतो. परतताना गाडीत एका प्रश्नावर सगळे गप्प झाले: त्या ट्रस्टच्या विश्वस्तांच्या नोंदी २५ जूनच्या आधी आपल्यापैकी कोणी कधी काढून बघितल्या होत्या?

कोणीच नव्हत्या. भिंत पडल्यावर लाखो आले. कागद पाहायला आधी कोणी गेले नव्हते.

मुंबईहून परतल्यावर आम्ही आमच्याच वस्तीजवळच्या एका संस्थेकडे बघायला लागलो. नाव लिहीत नाही, कारण प्रकरण चालू आहे आणि नावापेक्षा अनुभव उपयोगाचा आहे. एक हॉल, एक वाचनालय, दोन खोल्या. हॉल लग्नाला भाड्याने जातो. हिशोब कधी वाचला गेला नाही. आम्ही चौघे अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा दिला, जय भीम केला आणि शांतपणे विचारले, "बाळांनो, तुम्ही सभासद आहात का?"

आम्ही नव्हतो. आम्ही तिथे लहानपणापासून वंदनेला जात होतो, श्रमदान केले होते, वर्गणी दिली होती. पण संस्था ही सोसायटी म्हणून नोंदलेली होती, आणि कायद्याच्या व्याख्येत सोसायटीच्या बाबतीत 'हितसंबंध असलेली व्यक्ती' म्हणजे तिचा सभासद. मंदिरासाठी जो भाविक पुरेसा आहे, तो सोसायटीसाठी पुरेसा नाही. आणि सभासद नोंदणी कित्येक वर्षे बंद होती. आम्ही नुसताच उत्साहाने केलेला पहिला अर्ज याच मुद्द्यावर अडला.

ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. आपल्या आजोबांना सांगितले गेले, तुम्हाला हजर राहण्याचा हक्क नाही, म्हणून तुम्ही विचारू शकत नाही. आम्हाला सांगितले गेले, तुमचे नाव वहीत नाही, म्हणून तुम्ही विचारू शकत नाही. पहिल्याला मनुस्मृतीचा आधार होता. दुसऱ्याला आपल्याच माणसाने बंद केलेल्या सभासद नोंदवहीचा. दोन्ही सारखे आहेत असे आम्ही म्हणत नाही. अस्पृश्यतेची तुलना कशाशीच होत नाही. पण कुलूप लावण्याची पद्धत तीच आहे: आधी माणसाला बाहेर ठेवायचे, मग बाहेरचा म्हणून त्याचा प्रश्न फेटाळायचा.

मार्ग कुठून निघाला? वस्तीतल्या एका आजींकडून. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात १९८९ सालची सभासद वर्गणीची पावती होती. संस्थेचा शिक्का, सही, तारीख. त्या कधी कोणत्या सभेला बोलावल्या गेल्या नव्हत्या, पण त्यांना कधी काढलेही नव्हते. त्यांच्यासारखे आणखी दोघे सापडले. अर्ज त्यांच्या नावाने झाला. आम्ही फक्त कागद लिहिले. आजी सुनावणीला आल्या तेव्हा समोरच्या वकिलांनी विचारले, तुम्हाला यातले काय कळते? त्या म्हणाल्या, "माझे पैसे आहेत, तेवढं कळतं."

डाकोरच्या निकालाचा सारांश आम्हाला याहून सोप्या शब्दांत सांगता येणार नाही.

प्रकरण अजून संपलेले नाही. अध्यक्ष अजून अध्यक्ष आहेत. पण कित्येक वर्षांचे थकलेले हिशोब दाखल झाले आणि सभासद नोंदणी उघडली. आम्ही याला अर्धा विजय म्हणतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: घरातले भांडण बाहेर काढू नका, शत्रू हसतील. आमचे उत्तर असे की शत्रू आधीच हसतो आहे, कारण त्याला माहीत आहे की आपली मालमत्ता आपणच संपवू. पंढरपूरचे उदाहरण घ्या. बडवे-उत्पातांच्या कारभाराबद्दल वारकऱ्यांच्या तक्रारी किती पिढ्यांच्या होत्या. १९६८ मध्ये नाडकर्णी आयोग नेमला गेला, १९७३ चा पंढरपूर मंदिर कायदा झाला, आणि अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बडव्यांचा दावा संपला. विठ्ठलाचे भक्त आपल्याच मंदिरातल्या वंशपरंपरागत हक्काविरुद्ध चाळीस-पंचेचाळीस वर्षे लढू शकतात, आणि वंशपरंपरा नाकारून धम्म स्वीकारलेले आपण आपल्या संस्थेतल्या बापानंतर मुलगा या प्रकाराला गप्प बसून मान डोलावतो. यातले लाजिरवाणे काय आहे ते ठरवा.

दुसरा आक्षेप: ते ज्येष्ठ आहेत, त्यांनी चळवळीसाठी तुरुंग भोगला. असेल. त्याबद्दल आदर आहेच. पण २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेबद्दल बजावले होते की ती हुकूमशाहीकडे नेते. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की संसदीय कार्यपद्धती आपल्याला नवी नाही. बौद्ध भिक्खुसंघात प्रस्ताव, ठराव, गणपूर्ती, मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळे होते. तथागतांचा संघ आपल्या सदस्याविरुद्ध ठराव आणू शकत होता. मग आपल्या विहाराच्या समितीत अध्यक्षाविरुद्ध ठराव आणणे धम्मविरोधी कसे?

तिसरा आक्षेप खरा आहे, आणि तो आम्ही मान्य करतो. हा कायदा गटबाजीसाठीही वापरला जातो. हरलेला गट जिंकलेल्या गटावर अर्ज ठोकतो, बदल अर्जांवर हरकती घेतो, आणि संस्था दहा वर्षे लटकते. शाळेच्या मुलांचे, वसतिगृहाचे नुकसान होते. म्हणून आमचा आग्रह आहे की अर्ज माणसाविरुद्ध नको, कृत्याविरुद्ध हवा. कोणत्या वर्षाचा हिशोब नाही, कोणती खोली कोणाला तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने परवानगीशिवाय भाड्याने दिली, कोणत्या ठरावावर कोणाची सही नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी आपली आहे. समोरच्यालाही बाजू मांडण्याचा हक्क आहे. जो आपला विरोधक आहे त्याला तो हक्क नाकारणारा माणूस उद्या स्वतः तसाच अध्यक्ष होतो.

काय करायचे

आपल्या संस्थेचा नोंदणी उतारा, म्हणजे परिशिष्ट एक, धर्मादाय कार्यालयातून काढा. त्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावे आहेत बघा. अनेकदा त्यातले निम्मे वारलेले असतात. संस्थेची मूळ घटना काढा आणि सभासद कसा होतो, सभा किती वर्षांनी व्हायला हवी हे वाचा. शेवटचा बदल अर्ज कधीचा आहे आणि मंजूर झाला का हे पाहा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जुन्या पावत्या शोधायला सांगा. आणि सगळ्यात आधी, सभासदत्वासाठी लेखी अर्ज करा, फी भरा, पोच घ्या. नाकारले तर तेही लेखी मागा.

मोर्चा काढायला एक दिवस लागतो. नोंदवहीत नाव टिकवायला वर्षे लागतात. काळारामाच्या दारात उभे राहिलेल्यांनी पाच वर्षे दिली, महाडच्या दाव्याने दहा. आपल्याला तर दार ढकलायचेही नाही. एक अर्ज, एक पावती, एक सही एवढ्यावर सुरुवात होते.

बाबासाहेबांनी आपल्याला हितसंबंध असलेली व्यक्ती बनवले. तो हितसंबंध वापरला नाही तर संस्था हातातून जातील, आणि तेव्हा दोष फक्त अध्यक्षाचा नसेल.

जय भीम.